श्रीधरवाला

श्रीधरराव फडणिसांना अश्लेषाचा हेवा वाटतो आहे, हे त्यांच्या बायकोला त्यांच्या आधी कळलं. एका संध्याकाळी ते ऑफिसातून आले, बूट काढले, आणि चहाचा कप हातात घेताघेताच म्हणाले, "रंग काय, कोणीही भरतं." नंदाताईंनी काही विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मीच शिकवलं तिला सगळं." तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी पडलं, तर त्याच्याबद्दल बोलताबोलता गाडी पुन्हा अश्लेषावर आली.

"अहो, सरळ म्हणा न, तुम्ही जळून राहिले आहात," नंदाताई म्हणाल्या.

"मी? त्या पोरीवर? काहीही फालतू बोलतेस."

पण कान लाल झाले होते. नंदाताईंनी ते पाहिलं आणि मीठ पुढे सरकवलं.

श्रीधररावांचं ऑफिस उज्जैनला, कोठी रोडच्या मागच्या गल्लीत, एका फोटोकॉपीच्या दुकानाच्या वर. काम नकाशांचं. येत्या सिंहस्थात तंबू कुठे लागतील, रस्ते कुठून जातील, नळ कुठे, गाड्या कुठे थांबतील, याचे नकाशे काढून गावोगावच्या ऑफिसांना पुरवायचे. त्यासाठी आकाशातून घेतलेली चित्रं येत, काही उपग्रहाची, काही ड्रोनची. आता हे चित्र म्हणजे तरी काय? बारीक चौकटींची एक भलीमोठी चादर, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. कुठे तो आकडा उजेडाचा असतो, कुठे जमिनीच्या उंचीचा. रंग त्यात नसतोच. कोणत्या आकड्याला कोणता रंग हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअरला ते आधी कोणीतरी सांगून ठेवावं लागतं. या सांगून ठेवलेल्याला सगळे डिफॉल्ट म्हणत. बाकी लोक चित्र उघडतात आणि जसं उघडेल तसंच खरं धरून चालतात. ज्यानं डिफॉल्ट ठरवला त्यानं सगळ्यांच्या नाकावर आपला चष्मा चढवला म्हणा ना.

तर तो चष्मा इतकी वर्षं श्रीधररावांचा होता. मागच्या सिंहस्थाच्या आधीची गोष्ट. शहराचं चित्र आलं की कोळशासारखं काळं उघडायचं. सगळे हैराण. श्रीधररावांनी जेवणाची सुट्टी सोडून त्याचा पिच्छा पुरवला आणि कारण शोधून काढलं. देवास गेटकडची पत्र्याची छपरं उन्हात अशी काही चमकत, की सॉफ्टवेअर सगळा उजेड त्या छपरांवरच उधळून टाकी आणि उरलेल्या गावाला अंधारात ठेवी. त्यांनी काय केलं, सगळ्यात चमकणारे पाच टक्के आकडे आणि सगळ्यात काळे पाच टक्के आकडे हिशोबातून छाटून टाकले, आणि मधल्यांमध्ये उजेड वाटून दिला. त्याबरोबर पडद्यावर गाव उघडलं. गल्ल्या दिसल्या, घाटाच्या पायऱ्या दिसल्या. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

तेव्हापासून त्या मांडणीला नावच पडलं, श्रीधरवाला. ऑफिसचा जुना फोन श्रीधररावांच्याच टेबलावर होता. बडनगरहून, तराण्याहून, महिदपूरहून फोन यायचा, "सर, पिक्चर साफ नहीं दिख रहा," आणि ते खुर्चीत जरा रेलून म्हणायचे, "श्रीधरवाला लगाओ." फडणिसांचे पूर्वज दरबाराचे कागद सांभाळायला इकडे आले होते, हे ते नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगत. स्वतः श्रीधररावांना मात्र बढती अशी मिळाली नाही. साहेब आले आणि गेले, हे आपले त्याच टेबलाशी. पण फोनवर कोणी श्रीधरवाला म्हटलं की त्यांना वाटे, झालं, पूर्वजांपेक्षा आपण काही कमी नाही.

अश्लेषा आली तेव्हा त्यांना आनंदच झाला होता. तिचे वडील बँकेच्या नोकरीत साताऱ्याहून बदलून आलेले आणि मग इथेच, फ्रीगंजात राहिलेले. पोरगी इंदूरला शिकून आलेली. ऑफिसात मराठी बोलायला एक माणूस मिळालं. चारचौघांत ती त्यांना श्रीधर सर म्हणे आणि एकटी असली की काका. त्यांनी तिला सगळं दाखवलं, आपली छाटाछाट सुद्धा, आणि आपली मांडणी तिच्या मशीनवर स्वतःच्या हातानं घालून दिली. "पोरगी तेज आहे," असं घरी येऊन सांगत. हे कौतुक कुठे संपलं आणि पुढचं कुठे सुरू झालं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बहुतेक सुरुवात सुमीतपासून झाली. सुमीत म्हणजे शेजारच्या टेबलावरचा ऑपरेटर, चांगला दोन मुलांचा बाप, पण तोंडाला कुलूप नाही. अश्लेषानं उंचीच्या चित्रांना रंग लावले होते. श्रीधरवाल्यात उंची काळ्यापांढऱ्यात उघडे. तिनं सखल भागाला गडद निळा, वर जाताजाता हिरवा, मग पिवळा, टेकडीला तपकिरी असं केलं. शिवाय चित्र जवळ घेतलं की रंग बदलायचे, तेही तिनं थांबवलं. निळा तो कुठूनही पाहिला तरी तोच निळा. सुमीत तिच्या खुर्चीमागे उभा राहून ओरडला, "वाह मॅडम! शिप्रा कितनी भरी-भरी दिख रही है. लग रहा है राम घाट पर खड़े हैं."

"शिप्रा नीली कब से हो गई?" श्रीधरराव आपल्या जागेवरूनच म्हणाले. "मटमैली है."

सगळे हसले, अश्लेषासुद्धा हसली. पण हसून झाल्यावर सगळे तिच्याच पडद्याकडे बघत राहिले.

त्यानंतर श्रीधररावांना सगळंच खुपायला लागलं. ती हळू बोलते ते खुपलं. ती कोणाला चूक दाखवते तेव्हाही समोरच्याला वाईट वाटत नाही, ते खुपलं. आताचे चौरसियासाहेब तिला "बैठो" म्हणत आणि त्यांना "हाँ, बोलिए" म्हणत, हे तर इतकं खुपलं की त्यांनी एकदा उगाचच साहेबांच्या खोलीत जाऊन न सांगता खुर्ची ओढून घेतली. साहेबांनी मान वर केली आणि म्हणाले, "हाँ, बोलिए." बोलायला काहीच नव्हतं. पंख्याचा आवाज येतो आहे असं काहीतरी सांगून ते परत आले.

अशात साहेबांनी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं. मेळ्याचं काम करणाऱ्या सगळ्या ऑफिसांत आता एकच डिफॉल्ट राहील. तो उज्जैनहून जाईल आणि मेळा पार पडेपर्यंत कोणी त्याला हात लावणार नाही. "दो चीज़ें हैं हमारे पास. श्रीधरजी का पुराना वाला, और अश्लेषा का नया. गुरुवार को दोनों देखेंगे, एक रखेंगे."

एक रखेंगे. श्रीधररावांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या नावाची म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती, आणि तीच आता फळीवरून उतरवून ठेवायची की नाही हे गुरुवारी ठरणार होतं. तिला काय, अजून सगळं आयुष्य पडलं आहे, आणखी शंभर गोष्टींना तिचं नाव लागेल. मग हीच का हवी? खरं तर तिनं ही मागितलेलीच नव्हती. पण जळणारा माणूस इतकं कुठे बघतो.

दुपारी ती त्यांच्या टेबलाशी आली. "काका, वेळ आहे का? ते उंचीच्या चित्रांचं एक विचारायचं होतं. तुम्ही जे लावलेलं आहे न, ते उंचीला पण तसंच..."

"लावलेलं आहे तर राहू दे न," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "प्रत्येक गोष्टीला हात लावायचाच का? काही तर आमचं राहू द्या."

ती "बरं काका," म्हणाली आणि गेली. तिचा पडलेला चेहरा त्यांना दिसला नाही, कारण त्यांनी पाहिलाच नाही. उलट आपण बरा टोला दिला असं वाटून त्यांनी खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली.

रविवारी नंदाताईंना भैरवगढला जायचं होतं. भाचीच्या लग्नात द्यायला छापाच्या चादरी हव्या होत्या. दुकानात बाई एकदा चादरी उलगडायला बसली की मग नवऱ्याचं काम नसतं. श्रीधरराव पाय मोकळे करायला मागच्या बाजूला नदीकडे निघाले. दोऱ्यांवर ओली कापडं वाळत होती. त्यांच्या पलीकडे मोकळी जमीन, तिथून पुढे शिप्रा. नकाशात याच मोकळ्या जमिनीवर तंबूंची एक अख्खी वस्ती आखलेली आहे हे त्यांना पाठ होतं. ते ऐटीत चार पावलं गेले आणि घोट्यापर्यंत पाण्यात.

आदल्या दिवशी पावसाची सर आली होती, ती तिथे साचून राहिली होती. त्यांनी पँट वर ओढली आणि इकडेतिकडे पाहिलं. जमीन मध्ये चांगली खोलगट होती, लांबून नजरेत न येणारी, पण वस्तीच्या वस्ती पाण्यात बसेल एवढी मोठी. "अहो, हे काय करून घेतलं?" मागून नंदाताई ओरडल्या. श्रीधरराव चिखलात उभ्याउभ्या फोनवर फोटो काढत होते आणि त्यांच्या डोक्यात एकच विचार आला होता. तिच्या चित्रात हा खड्डा दिसतो का?

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. तिची मांडणी सामाईक फोल्डरमध्ये होतीच. भैरवगढचं उंचीचं चित्र तिच्या रंगात उघडलं. नदी निळी, काठ निळा, काठामागची मोकळी जमीन निळी. सगळं एकसारखं, सपाट, गुळगुळीत निळं. खड्डा कुठेच नाही. सुमीतची भरी-भरी शिप्रा ती हीच. काठालाही नदी करून टाकलं, मग भरलेली का नाही दिसणार?

श्रीधररावांना इतका आनंद झाला की त्यांनी उठून खिडकी उघडली. खाली कढईत पोहे फिरत होते. त्यांनी एक प्लेट मागवली, वर भरपूर शेव, आणि उभ्याउभ्या खाल्ली. तिला जाऊन सांगायला हवं, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. गुरुवारपर्यंत तीन वेळा आलं, आणि तीनही वेळा त्यांनी ते, दारात आलेल्या वर्गणीवाल्याला घालवावं तसं घालवलं. आणि एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात अजिबात आली नाही. तेच भैरवगढ आपल्या मांडणीत उघडून बघावं.

गुरुवारी साहेबांच्या खोलीत पडद्यावर सगळं मोठं करून दाखवायचं होतं. अश्लेषानं आधी दाखवलं. हळू आवाजात, उगाच फुशारकी नाही. सुरुवातीलाच म्हणाली, "बेस श्रीधर सर का ही है, मैंने ऊपर से रंग जोड़े हैं." साहेब मान डोलावत होते. श्रीधररावांना त्या डोलणाऱ्या मानेचाही राग आला. तिचं झाल्यावर साहेब त्यांच्याकडे वळले, "हाँ, बोलिए."

"ज़रा भैरवगढ़ खोल, सुमीत," ते म्हणाले. "इन्हीं के रंग में."

निळा पट्टा पडद्यावर आला. मग त्यांनी आपल्या फोनवरचा रविवारचा फोटो साहेबांच्या पुढे धरला. पाण्यानं भरलेला खड्डा, मागे वाळणारी कापडं, आणि कोपऱ्यात त्यांचाच चिखलानं भरलेला बूट. "ये वही जगह है साहब, जहाँ तंबू लगने हैं. नक्शे में कहाँ है ये गड्ढा?"

साहेब पुढे वाकले. "ये तो पूरा बराबर दिख रहा है."

"यही तो कह रहा हूँ. रंग सुंदर है. ज़मीन छुपा गया."

वाक्य त्यांनी अंघोळ करताना तयार केलं होतं आणि ते छान बसलं. मग त्यांनी अश्लेषाकडे पाहिलं. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. घरच्याच माणसानं आतून कडी लावून घ्यावी, तसा गोंधळलेला होता. ती पडद्याकडे बघत होती, मग एकदा त्यांच्याकडे.

"ठीक है," साहेब म्हणाले. "अब यही जगह आपके वाले में खोलिए. मिला लेते हैं."

सुमीतचा हात माउसकडे गेला, आणि अश्लेषा घाईनं म्हणाली, "उसकी ज़रूरत नहीं है, सर. कट मुझसे गलत लग गया. ऊँचाई की तस्वीर में नीचे के पाँच परसेंट काटने नहीं चाहिए थे, नदी किनारे की सारी ज़मीन उसी में चली गई. मेरी गलती है. आप श्रीधर सर का ही रख लीजिए."

कट. पाच टक्के.

श्रीधररावांच्या डोळ्यांपुढे देवास गेटची पत्र्याची छपरं चमकली. तेव्हा उत्साहाच्या भरात त्यांनी ती छाटणी फोटोंना लावली, आणि त्याच हातानं पुढच्या सगळ्या प्रकारच्या चित्रांनाही लावून टाकली. काळीपांढरी, रंगीत, उंचीची, सगळी. उजेडाचे टोकाचे आकडे छाटले तर चित्र उजळतं. उंचीचे छाटले तर नदीकाठच नाहीसा होतो. हे त्यांना कळायला हवं होतं, आणि इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. काळ्यात काळं मिसळून गेलेलं कोणाच्या लक्षात येणार? आणि हीच मांडणी त्यांनी तिच्या मशीनवर स्वतःच्या हातानं घातली होती. ती त्या दिवशी टेबलाशी येऊन जे विचारत होती ते हेच. आपण ऐकलं नाही. आपण म्हणालो, काही तर आमचं राहू द्या. आणि तिनं राहू दिलं.

साहेबांनी फाइल मिटली. "चलो फिर. श्रीधरवाला फाइनल."

सुमीतनं टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. ते जिंकले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं. ते त्यांना जमण्यासारखं होतं. पुढे उंचीची छाटणी गुपचूप काढून टाकली असती, कोणाला पत्ता लागला नसता.

लाज वाटली का? वाटली, पण ती जरा मागून आली. आधी उसळून आला तो हेवाच. रंग हिचे चांगले. बोलणं हिचं चांगलं. चूक आधी दिसली ती हिला. आणि आता मनही हिचंच मोठं? खोटं बोलून मला वाचवणार, आणि मी पुढची सगळी वर्षं त्या फोनवर श्रीधरवाला म्हणताना हिच्या उपकाराखाली बसणार? आणि ही समोर बसून डबा खाणार, एका शब्दानं बोलून न दाखवता? नाही. सगळं घे बाई, एवढं तुला देणार नाही.

"सुमीत," ते म्हणाले, आणि आवाज जरा मोठाच लागला, "मेरा खोल."

"सर, हो तो गया फाइनल..."

"खोल बोला न."

श्रीधरवाला उघडला. भैरवगढचा काठ काळा. नदी काळी, जमीन काळी, खड्डा त्याच काळ्यात बुडालेला. सुमीतनं पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"कट मेरा है," श्रीधरराव म्हणाले. "मैंने ही लगाया था, इसकी मशीन पर भी. ये पूछने आई थी, मैंने सुना नहीं. ये झूठ बोल रही है."

मग जे झालं ते त्यांना अपेक्षित नव्हतं. चौरसियासाहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "श्रीधरजी, इसके लिए बड़ा दिल चाहिए." सुमीतनं टाळी वाजवली, मग बाकीच्यांनीही. साहेबांनी खालून कचोऱ्या मागवल्या. त्यांना खुर्चीत बसवलं, "बैठिए, बैठिए" म्हणून. इतके महिने ज्या शब्दासाठी जीव टांगला होता तो असा मिळाला. कचोरी त्यांनी तशीच बशीत ठेवली. सगळे ज्या दिलाचं कौतुक करत होते, तो किती मोठा आहे हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

डिफॉल्ट अर्थातच अश्लेषाचा ठरला, उंचीवरची छाटणी काढून.

जिन्यात ती त्यांना गाठून म्हणाली, "काका, तुम्ही बोलायला नको होतं. माझं काही बिघडलं नसतं."

"का? तू एकटीच चांगली होणार का?"

ती खळखळून हसली. तिला वाटलं काका चेष्टा करून राहिले आहेत. श्रीधरराव हसले नाहीत. ते एकेक पायरी उतरत खाली गेले.

पुढच्या आठवड्यात नवी मांडणी सगळीकडे गेली. श्रीधररावांनी आपल्या मशीनवर भैरवगढ उघडलं. नदी निळी, काठ हिरवट, आणि हिरव्यात तो खड्डा, कोणी अंगठा दाबून ठेवावा तसा स्पष्ट. फार सुरेख दिसत होता. त्यांनी बराच वेळ पाहिलं, जरा डोळे बारीक करून, कुठे काही चुकलं आहे का ते. काही चुकलं नव्हतं. मग त्यांची नजर वर मांडणीच्या नावावर गेली. तिथे लिहिलं होतं, श्रीधरवाला.

ते उठून तिच्या टेबलाशी गेले. "हे काय आहे?"

"काका, लोकांच्या तोंडात तेच नाव आहे. बदललं तर सगळे गोंधळतील." मग ती म्हणाली, "आणि सुरुवात तर तुमचीच आहे न."

ते आपल्या जागेवर परत आले. आता बघा, जे हवं होतं ते तंतोतंत मिळालं होतं. मेळा पार पडेपर्यंत गावोगावी त्यांचंच नाव उघडणार होतं, आणि आधीपेक्षा किती छान उघडणार होतं. घरी त्यांनी नंदाताईंना हे सांगितलं. "मग बरं झालं की," त्या म्हणाल्या. "हो," ते म्हणाले, आणि त्या रात्री भाजी, मीठ, कशाबद्दलच बोलले नाहीत.

फोन आला तो जेवणाच्या सुट्टीत. महिदपूरहून. "श्रीधर सर? आपका नया वाला देखा. क्या चीज़ बनाई है सर! पुराना भी अच्छा था, पर इसमें तो एक-एक गड्ढा दिख रहा है."

वर्षानुवर्षांच्या सवयीनं श्रीधरराव खुर्चीत रेलले. "बस, आपकी कृपा" हे शब्द जिभेवर येऊन बसले होते. समोर, पाठमोरी बसून अश्लेषा डबा खात होती. तिला ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. तिनं मागे वळून पाहिलं असतं, तर बहुतेक ते म्हणालेही असते, तिच्या नाकावर टिच्चून. पण ती वळली नाही. ती आपली पोळीचा तुकडा मोडत होती. आणि श्रीधररावांना लग्नात दुसऱ्याचा कोट घालून मिरवताना, कोटाचा मालक पंगतीत समोर येऊन बसावा तसं झालं.

"मेरा नहीं है," ते म्हणाले.

"जी? पर नाम तो आपका लिखा है."

"नाम गलत है. अश्लेषावाला लिखिए. हाँ, अभी लिखिए, मैं रुकता हूँ."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. त्या टकटकीबरोबर त्यांना दुखलं. नाव पुसलं जाताना कसं वाटतं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "लिख लिया, सर," महिदपूरवाला म्हणाला. "तो मैडम से बात हो सकती है क्या? बधाई देनी थी."

श्रीधररावांनी रिसीव्हरवर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्या फोनवर दुसऱ्या कोणाला बोलवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"अश्लेषा," त्यांनी हाक मारली. "तुझा फोन."

ती हात पुसत आली. "माझा? कुणाचा?"

"महिदपूर. घे."

त्यांनी तिला रिसीव्हर दिला आणि आपल्या खुर्चीतून उठून तिला बसायला जागा करून दिली. ते स्वतः मात्र तिथून हलले नाहीत. टेबलाला टेकून, कान देऊन उभे राहिले. तो तिचं नक्की किती कौतुक करतो, ते त्यांना ऐकायचं होतं.